दहाव्या शब्दाचा साक्षीदार

अथणीकर बाईंनी माझी पट्टी घेतली, टेबलाच्या कडेवर धरली आणि वरून दाबून काडकन मोडली.

"काय झालं?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"माझी पट्टी तुटली," मी म्हणाले.

"इंग्रजीत."

"ब्रेक."

"बरोबर. आणि आता?" त्यांनी दोन्ही तुकडे फरशीवर टाकले आणि चपलेच्या टाचेखाली रगडले. आठवी ब बाकांवरून पुढे वाकली. "आता नुसतं ब्रेक पुरेल?"

मी हात वर केला. सातवीपर्यंत मी हात वर करणाऱ्यांतली नव्हते. बाईंनी नाव घेतलं की मला घाम फुटायचा आणि आवाज पोटात जायचा. पण आठवीत जूनमध्ये एकदा चुकून उत्तर बरोबर आलं, बाई "शाब्बास माईणकर" म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझा हात खाली यायचं नावच घेत नव्हता.

"क्रश, बाई."

"शाब्बास माईणकर. तुला नवी पट्टी देते."

पट्टी अजून दिलेली नाही. आता मी दहावीत आहे.

मग बाईंनी फळ्यावर दहा शब्द लिहिले. सगळे मोडतोडीचे. मराठीत आपण नासधूस म्हणतो आणि मोकळे होतो, इंग्रजीत प्रत्येक नाशाला वेगळा शब्द असतो, असं त्या म्हणाल्या. डॅमेज म्हणजे दुरुस्त होण्यासारखं. डिमॉलिश फक्त बांधलेल्याचं, आणि ठरवून. शॅटर काचेचं, नाहीतर माणसाच्या उमेदीचं. स्पॉइल छोटा शब्द. दूध स्पॉइल होतं, सहलीची मजा स्पॉइल होते, सण स्पॉइल होतो, लाडाने पोर स्पॉइल होतं. "आणि रुइन," बाई खडू आपटत म्हणाल्या, "म्हणजे वस्तू समोर दिसते, जागेवर असते, पण ती कशाच्याच कामाची राहिलेली नसते. रुइनला दुरुस्ती नाही."

त्यानंतर त्यांनी नियम सांगितला. बाईंचा हा नियम शाळेत प्रसिद्ध होता. दहा शब्दांची दहा वाक्यं करायची, पण गाइडमधलं एकही चालणार नाही. वाक्य खरं पाहिजे, आपल्या आयुष्यात नाहीतर आपल्या घरात घडलेलं. आणि प्रत्येक वाक्याखाली ते घडताना बघितलेल्या माणसाची सही पाहिजे.

"साक्षीदार नाही तर वाक्य खोटं," बाई म्हणाल्या. "मी लाल रेघ मारणार. ज्याची दहाच्या दहा होतील, तो जिल्ह्याच्या स्पर्धेला सांगलीला जाईल. आठवीतून एकच जागा आहे."

ती जागा माझी आहे, हे मला तिथेच बसल्या बसल्या कळलं. फक्त माझ्या शेजारी वैजू बसायची.

वैजू म्हणजे वैजयंता कुंभार. विट्यात आमच्या गल्लीच्या मागेच त्यांचं घर, घरापुढे अंगण, अंगणात भट्टी. तिची आई ती पाचवीत असताना गेली. घरी ती, तिचे वडील, म्हणजे तिचे दादा आणि आमचे बाळकूकाका, आणि अधूनमधून येणारी आत्या. वैजूच्या नखांत कायम माती असायची, आणि इंग्रजी माझ्याइतकंच यायचं. कधीकधी जास्त.

मी कामाला लागले. मावशीने माझ्या वाढदिवसाच्या केकवर हात टेकवला होता, ते स्पॉइलमध्ये घातलं, आईची सही. नगरपालिकेने चौकातली जुनी टाकी पाडली, ते डिमॉलिश, सही चहावाल्याची. शॅटरला काही मिळेना, म्हणून मी लोणच्याची बरणी ओट्यावरून हळूच ढकलली. आईने पाठीत धपाटा घातला आणि नंतर सहीही केली. डिस्ट्रॉयसाठी शाळेच्या खिडकीवरचं कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. मी ते वैजूच्या पट्टीने खरवडून काढलं.

"आत पिल्लं होती," वैजू खाली वाकून म्हणाली.

"म्हणूनच डिस्ट्रॉय. नुसतं घर असतं तर डॅमेज. सही कर."

तिने पट्टी पुसली आणि सही केली.

दर शुक्रवारी बाई चांगली वाक्यं मोठ्याने वाचायच्या. पहिल्या शुक्रवारी माझं केकचं वाचलं, वर्ग हसला, मला बरं वाटलं. मग वैजूचं वाचलं. शब्द होता डेव्हस्टेट. तिने साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आई गेली त्या दिवशी दादा चाकासमोर बसून होते. दिवसभर चाक फिरवत होते आणि चाकावर माती नव्हती. खाली आत्याची वाकडीतिकडी सही.

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुसून झाल्यावरही लगेच घातला नाही.

माझ्या केकसाठी बाईंनी चष्मा काढला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात दोघींची नऊ नऊ झाली. बाकीच्यांची गाडी पाच-सहावर अडकली होती.

"तुझं कुठलं राहिलं?" मी डबा खाताना विचारलं.

"स्पॉइल," वैजू म्हणाली. "तुझं?"

"रुइन. पण स्पॉइल तर सगळ्यात सोपं."

"आमच्यात काही वायाच जात नाही गं. कच्चं मडकं बिघडलं तर परत पाण्यात, परत माती. भाजलेलं फुटलं तर खापर भट्टीवर झाकायला होतं. दूध आम्ही घेतो तेवढं लगेच संपतं."

"आणि रुइनचं काय लिहिलंस?"

"आज्ज्याचं. दादा लहान असताना आज्ज्याने घाईने एक दिवस आधी भट्टी उघडली. आत लालभडक, बाहेर गार वारा. सगळा माल तडकला. एकही भांडं धड निघालं नाही. आत्या तिथंच होती, तिनं सही केली." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "भाजलेल्याला तडा गेला की संपलं. मातीही होत नाही त्याची परत."

"म्हणजे नुसतं थंड लागलं तरी?"

"हो. म्हणून दोन दिवस कुणी जवळ जायचं नाही. पाणी तर लांबच." मग ती हसली. "या शुक्रवारी आमची दिवाळीची भट्टी लागणार. पणत्या, आणि किल्ल्यावरचे मावळे. ह्या वेळचे मावळे मी केलेत, सगळे. रविवारी संध्याकाळी उघडणार, तू ये. तुझ्या किल्ल्यासाठी पहिला तू निवड."

"येते की," मी म्हणाले.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी बाराच्या सुमाराला मी त्यांच्या अंगणात गेले. भट्टी काल सांजेला पेटलेली. वरून राख आणि खापरं रचलेली, कुठूनतरी बारीक धूर. दहा पावलांवरून तोंडाला धग लागत होती. बाळकूकाका गवत आणायला खानापूरला गेले होते, आणि कोंबड्या, कुत्री, चेंडू यांच्यापासून भट्टी राखायला वैजू दारात पोत्यावर बसली होती.

"अथणीकर बाईंनी बोलावलंय तुला," मी म्हणाले. "वही घेऊन. आत्ताच."

"आत्ता? दादांनी हलू नको म्हटलंय."

"दहाव्या वाक्याचं काहीतरी असेल. जागा घालवायची असेल तर बस."

तिने भट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वही घेतली. आम्ही दोघी बरोबर निघालो. कोपऱ्यावर मी घराकडे वळले, ती बाईंच्या घराकडे. तिथून चालत वीस मिनिटं लागतात. ती दिसेनाशी झाल्यावर मी परत आले.

हौदाशेजारी त्यांची पत्र्याची बादली होती. मी भरली. बांबूच्या टोकाने वरची दोन खापरं सरकवली, तर आत नारिंगी दिसलं. मी बादली ओतली.

आधी वाफेचा लोट आला आणि मी मागे उडी मारली. मग आतून आवाज यायला लागला. टक्. टक् टक्. शेंगा भाजताना फुटतात तसा, एकीकडून दुसरीकडे पळत गेल्यासारखा. मला मजा आली, खोटं कशाला सांगू. हा आवाज ऐकणारी जगात मी एकटी होते. पहिल्या बादलीनेच काम झालं असणार. तरी मी दुसरी ओतली.

खापरं परत जागेवर बसवली, वर कोरडी राख पसरली, बादली ठेवली, पाय धुतले आणि घरी जाऊन जेवले. त्या दिवशी आमटी होती.

संध्याकाळी वैजू भेटली. "बाईंनी नव्हतं बोलावलं," ती म्हणाली.

"असं? मला तसं कळलं होतं."

"कुणाकडून?"

"जाऊ दे ना आता."

रविवारी मी वही आणि पेन घेऊन भट्टी उघडायला गेले. साक्षीदार तिथेच मिळणार होता. बाळकूकाकांनी हात जोडले, वरची राख बाजूला केली आणि थांबले. राखेचा एक गोळा त्यांनी चिमटीत धरून चुरून बघितला.

"राख चिकाटलीया," ते म्हणाले.

वैजू त्यांच्यामागे पाटी घेऊन उभी होती. त्यांनी पहिली पणती काढली. दिसायला छान, लाल. त्यांनी नखाने टिचकी मारली. टण् असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. भद्द आला. त्यांनी दुसरी वाजवली. तिसरी. मग मावळे काढले. ढाल घेतलेला, भाला घेतलेला, एक बसून भाकरी खाणारा, तसला मावळा मी आधी कुठे पाहिला नव्हता. सगळे आपापल्या जागी उभे होते आणि सगळ्यांच्या अंगावरून केसासारख्या चिरा गेल्या होत्या. भाकरीवाल्याला काकांनी उचललं तर तो कमरेतून निखळला.

"पाणी शिरलंय ह्यात," काका म्हणाले. "शनवारी कोण हुतं हितं?"

"मीच होते," वैजू म्हणाली.

"समदा येळ?"

वैजूने पाटी या हातातून त्या हातात घेतली.

"वैजे, समदा येळ बसली हुतीस का?"

"न्हाई. बाईंकडं गेलते."

"बाईंनी बोलावलतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी पेनचं टोपण काढत होते.

"न्हाई," ती म्हणाली.

"बोलावलं न्हाई, तरी गेलीस. भट्टी उघड्यावर टाकून." काका ओरडले नाहीत. त्यांनी भाकरीवाल्याचे दोन तुकडे तिच्या पाटीत ठेवले. "दिवाळीला आठ दिस ऱ्हायलं. उद्यापासनं चाकावर बसायचं, माझ्यासंगं. शाळा दिवाळीनंतर."

"दादा, बुधवारी वही द्यायची आहे. सांगलीचं..."

"सांगली ऱ्हाऊ दे."

मी वही त्यांच्यापुढे धरली. "काका, एक सही हवी होती. शाळेची आहे."

"काय ल्हिलंय?"

"भट्टी गेली, तेच लिहिलंय."

"ती तर खरीच गेली," काका म्हणाले. त्यांनी धोतराला हात पुसला आणि सावकाश सही केली. राखेचा अंगठा कागदावर उमटला.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. वैजूला येत होतं, आणि ती त्यांच्या खांद्यामागून वाचत होती. मी लिहिलं होतं, की वैजयंता भट्टी एकटी टाकून गेली आणि तिने सगळी भट्टी रुइन केली.

तिने एकदा वाचलं. मग पाटी उचलून आत गेली.

मंगळवारी दुपारी ती आमच्या मागच्या दारी आली. हात कोपरापर्यंत मातीचे, वही फडक्यात गुंडाळलेली. मी न्हाणीघरापाशी पाय धूत होते.

"शमे, सही पाहिजे," ती म्हणाली.

"कशावर?"

तिने वही उघडून धरली. दहावं वाक्य झालं होतं. शर्मिष्ठाने आमची दिवाळी स्पॉइल केली. एवढंच, त्यात भट्टीचं नाव नव्हतं.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "मी काय केलं?"

"आमची बादली पालथी होती."

"काय?"

"बाईंकडून आले तर हौदापाशी बादली पालथी घातलेली. आमच्यात कुणी घालत नाही. मागे मी तुला हसले होते बघ, की तुम्ही बादलीलापण झोपवता." तिने मानेने आमच्या न्हाणीकडे खुणावलं. आमची बादली पालथी होती. आई तशी ठेवल्याशिवाय आम्हाला आत येऊ देत नाही. "तेव्हा मला वाटलं, तू पाय धुवायला आली असशील. रविवारी राख बघितल्यावर कळलं."

माझ्या हातातला तांब्या मी हळूच खाली ठेवला. "मग काकांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बादली मी शनिवारीच सुलटी करून भरून ठेवली होती. बघितलं कुणी नाही. तिथं तू एकटी होतीस." तिने पेन पुढे केलं. "म्हणून तुझीच सही लागते."

मी तांब्या परत उचलून पायावर पाणी घेतलं. ती घाईघाईने बोलायला लागली. एरवी ती कधी घाईने बोलत नसे.

"शब्द छोटा आहे, शमे. मी मुद्दाम छोटा घातलाय. बाईच म्हणाल्या ना, सणाची मजा गेली की स्पॉइल. पाणी नाही लिहिलं, काही नाही लिहिलं. बाईंना वाटेल, आपलं भांडण झालं. तुला कुणी रागवणार नाही. दोघींची दहा दहा होतील. मग बाई ठरवतील कोण जाणार ते. तू गेलीस तरी चालेल. फक्त खोटं म्हणून रेघ नको त्याच्यावर. दादांना मी सांगितलंय, उद्या तासाभरासाठी सोडा."

तिच्या नाकावर मातीचा वाळलेला ठिपका होता. तो हलत होता.

मी पेन घेतलं नाही. माझी पेन्सिल कानावर होती, ती काढली. स्पॉइलवर एक सरळ रेघ मारली आणि त्याच्यावर सुंदर अक्षरात रुइन लिहिलं.

"चुकलंय तुझं," मी म्हणाले. "एकही मावळा वाचला नाही, एकही पणती नाही, दादा तुझ्याशी बोलत नाहीत. इथे स्पॉइल कसं चालेल? इथे रुइनच येतं. आणि रुइन तर तुझं आधीच झालंय आज्ज्याचं. म्हणजे हे मोजणार नाहीत."

वैजूने पेन्सिलीचा शब्द बघितला, मग मला बघितलं.

"सही?" तिने विचारलं.

"कशाची? मी काही बघितलं नाही."

तिने वही परत फडक्यात गुंडाळली. जाताना दार ओढून घेतलं, नीट, कडी वाजू न देता.

बुधवारी ती आली. बाईंनी माझी वही घेतली आणि दहावं वाक्य उभं राहून वाचलं. वर्गातल्या सगळ्यांनी वैजूकडे वळून बघितलं. बाईंनी राखेच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि चष्मा काढला.

"वैजयंता," त्या म्हणाल्या, "खरं आहे हे?"

वैजू उभी राहिली. माझ्या हाताखालचा बाक ओला झाला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"सही दादांची आहे, बाई."

"मग खरं," बाई म्हणाल्या. "इतकं कठीण घडलं असताना आलीस, हेच खूप. तुझं स्पॉइल कुठाय?"

तिने वही दिली. दहाव्या ओळीवर काहीच नव्हतं. तिने खोडरबराने इतकं घासलं होतं, पेनचं आणि पेन्सिलीचं दोन्ही, की कागद तिथे पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसत होता.

"वाक्य नाही केलंस?"

"केलं होतं, बाई. साक्षीदार नाही मिळाला."

बाईंनी रिकाम्या ओळीवर लाल रेघ मारली. पातळ जागी कागद फाटला.

सांगलीला मी गेले. तिथे मला रुइन आणि स्पॉइल यांतला फरक उदाहरण देऊन सांगायला लावला. मी भट्टी सांगितली, नाव घेऊन, अजिबात न अडखळता. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे. त्या दिवाळीत गल्लीतल्या सगळ्या किल्ल्यांवर बाजारातले प्लास्टरचे मावळे होते, एका साच्यातले, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला.

दिवाळीनंतर वैजू शाळेत आली ती मागच्या बाकावर. नववीत तिने तुकडी बदलून घेतली.

यंदा आईने पणत्या आणायला पाठवलं. मी म्हटलं, बाजारातून आणते. आई म्हणाली, मागेच तर कुंभार आहे, बाजारात कशाला. मग मी गेले. वैजू अंगणात बसली होती, पुढे पणत्यांची रास. तिने मला बघून पोतं सरकवलं.

"किती?"

"बारा."

एकेक पणती उचलून ती टिचकी मारत होती आणि माझ्यासमोर ठेवत होती. टण्. टण्. मी ऐकत होते. बारावी वाजवून झाल्यावर म्हणाली, "ऐकलंस ना? नंतर म्हणशील, फुटक्या दिल्या."

"नाही म्हणणार."

पणत्यांच्या लाल भुकटीने माझे हात भरले होते. हौदापाशी तीच पत्र्याची बादली होती, अर्धी भरलेली. मी त्यातलं पाणी घेऊन हात धुतले, उरलेलं झाडाला ओतलं आणि बादली ठेवली. ठेवताना हात वळायला लागला, तो मी आवरला. सुलटी ठेवली.

वैजू उठली. ओढणीला हात पुसत हौदापाशी आली आणि माझ्याकडे बघत बघत ती बादली पालथी घातली.